आपला वेळ आपला होणे : संतुट्ठि, पविवेक आणि गृहस्थ उपासक

साधे राहावे, आहे त्यात संतोष मानावा, म्हणजे चित्ताला शांती लाभते, हा उपदेश आपल्या देशात फार जुना आहे. तो कोणी कोणाला केला, हेही विसरता येण्याजोगे नाही. ज्यांच्या बळदात धान्य मावत नव्हते त्यांनी तो ज्यांच्या चुलीत विस्तव नव्हता त्यांना केला. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर विहाराविहारांतून संतुट्ठि, अप्पिच्छता, पविवेक हे पालि शब्द कानी पडू लागले, तेव्हा अनेक विचारी उपासकांच्या मनात शंका उत्पन्न झाली, की जुनाच उपदेश नव्या भाषेत तर आपल्यापुढे येत नाही ना? ही शंका रास्त आहे. तिला बगल देऊन शांतीविषयी बोलणे हा आपल्या समाजाच्या इतिहासाशी अप्रामाणिकपणा ठरेल.

पूर्वीचा अहमदनगर आणि २०२४ पासूनचा अहिल्यानगर, या आपल्या जिल्ह्यातील एका वस्तीवर वर्षावासातील ग्रंथवाचनानंतर मी 'पविवेक' या शब्दावर बोलत होतो. पविवेक म्हणजे एकांत, स्वतःशी असणे. प्रवचन संपल्यावर एक वयस्कर उपासिका उठून उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, येका खोलीत आम्ही सात माणसं. पहाटं चारला उठते ती रातच्याला अकराला आडवी व्हते. म्या गप बसायचं तर कुठं आन् कवा?" त्या वेळी मी काहीतरी उत्तर दिले. ते पुरेसे नव्हते हे मला तेथेच जाणवले. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचा दुसरा प्रयत्न आहे.

तिच्या प्रश्नातील 'कुठं' आणि 'कवा' हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. त्यांतील 'कवा' हा अधिक जुना आणि अधिक खोल आहे. जागेची टंचाई पुष्कळांना असते. परंतु ज्याला स्वतःचा म्हणावा असा एक तासही नव्हता, असा मनुष्य या जिल्ह्याच्या गावोगावी पिढ्यान्‌पिढ्या होता. त्याला येसकर म्हणत.

महारवतनाची कामे आजच्या तरुणांना ऐकूनही ठाऊक नसतात, म्हणून थोडी सांगितली पाहिजेत. सरकारी टपाल व सारावसुलीचा भरणा तालुक्याला पोहोचविणे, गावी आलेल्या अंमलदाराची सरबराई करणे, त्याच्या घोड्यापुढे धावणे, वेशीवर पहारा ठेवणे, शिवेच्या तंट्यात साक्ष देणे, मृत्यूची वार्ता परगावी नेणे, मेलेली जनावरे ओढणे, पाटला-कुलकर्ण्यांची लाकडे फोडणे. मोबदला म्हणून हाडकी-हाडवळ्याचा जमिनीचा तुकडा, बलुते आणि दारोदार मागून आणलेली भाकर. कामे हीन लेखलेली होती आणि मोबदला तुटपुंजा होता, हे सर्वश्रुत आहे. बाबासाहेबांनी मात्र या व्यवस्थेचे आणखी एक अंग नेमके पकडले. वतनदार महार हा दिवसाच्या चोवीसही तासांचा चाकर मानला जाई. त्याच्या कामाला आरंभ नव्हता आणि शेवटही नव्हता. चावडीवरून हाक आली आणि तो घरी नसला, तर त्याच्या बापाला, भावाला, प्रसंगी घरातील बाईमाणसालाही वेठीस धरले जाई. १८७४ च्या वंशपरंपरागत वतनांच्या कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांनी जे विधेयक मांडले, त्यामागे हा युक्तिवाद होता. ते विधेयक संमत होऊ शकले नाही. पुढे डिसेंबर १९३९ मध्ये याच जिल्ह्यातील हरेगाव येथे वतनदारांची परिषद भरली आणि बाबासाहेबांनी तेथे वतनाच्या प्रश्नावर मार्गदर्शन केले. कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करणारा मुंबईचा कायदा १९५८ चा. तो १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला, तेव्हा बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण होऊन अडीच वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

हा इतिहास येथे सांगण्याचे कारण असे, की ज्याचा वेळ दुसऱ्याच्या मालकीचा आहे त्याला एकांताचा उपदेश करणे ही क्रूर थट्टा होय. वतनाविरुद्धचा लढा आपण जमिनीचा, वेतनाचा आणि प्रतिष्ठेचा लढा म्हणून सांगतो. तो वेळेचाही लढा होता. ज्या दिवशी येसकरपाळी संपली त्या दिवशी त्या घरातील माणसाला प्रथमच असा दिवस मिळाला, की ज्याचे काय करावयाचे हे ठरविणारा तो स्वतः होता. शांतीची चर्चा आपण येथून सुरू केली पाहिजे.

आता भगवान बुद्धांकडे वळू. त्यांनी उपाशी माणसाला संतोष शिकविला काय? अंगुत्तर निकायाच्या छक्कनिपातात 'इण सुत्त' आहे. त्यात भगवंतांनी दारिद्र्याला स्पष्ट शब्दांत दुःख म्हटले आहे आणि पुढची साखळीही दाखविली आहे. दरिद्री मनुष्य ऋण काढतो, ऋणावर व्याज चढते, व्याज थकले की तगादा लागतो, मग सावकार पाठीस लागतो आणि शेवटी बंधन येते. यांतील प्रत्येक पायरीला भगवंत दुःख म्हणतात. धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नगरीतील गरीब शेतकऱ्याची कथा आहे. त्याचा बैल हरवला होता. बैल शोधून तो धम्मश्रवणास पोहोचला तेव्हा दुपार टळली होती आणि तो उपाशी होता. सारी सभा खोळंबली होती. भगवंतांनी प्रथम त्याला जेवू घालण्यास सांगितले आणि त्याचे पोट भरल्यावर देशना केली. भुकेल्याला धम्म समजत नाही, हे ज्याने जाणले त्याने दारिद्र्याचा गौरव केला असेल हे संभवत नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनीही हाच निष्कर्ष काढला आहे. मात्र दारिद्र्य गेले म्हणजे सुख आपोआप आले, असेही त्यांनी मानलेले नाही. या दुसऱ्या अर्ध्याकडे आपले बहुधा दुर्लक्ष होते.

मग संतुट्ठि म्हणजे काय? भिक्खूच्या बाबतीत उत्तर सोपे आहे. तीन चीवरे, भिक्षापात्र, कमरबंध, वस्तरा, सुई आणि पाणी गाळण्याचे वस्त्र, एवढ्या आठ वस्तूंत त्याचा संसार संपतो. या आठ वस्तूंची नोंद बाबासाहेबांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांची तुलना करतानाही आवर्जून केली आहे. गृहस्थाला मात्र आठ वस्तूंत भागविता येणार नाही आणि भगवंतांनी त्याला तसे सांगितलेलेही नाही. कोलिय कुळातील दीघजाणु भगवंतांकडे आला आणि आपण बायकामुलांत राहणारी, चंदन-माला वापरणारी, पैसा बाळगणारी माणसे आहोत, आमच्या हिताचे काही सांगावे, अशी त्याने सरळ विनंती केली. भगवंतांनी त्याला घर सोडण्यास सांगितले नाही. उद्योग कर, मिळविलेले सांभाळ, चांगल्यांची संगत धर आणि 'समजीविता' ठेव, असे चार धर्म सांगितले. समजीविता म्हणजे मिळकत आणि खर्च यांचा तोल. तराजू धरणाऱ्याला जसे पारडे कोणीकडे झुकते हे कळते, तसे गृहस्थाला आपला आय-व्यय कळला पाहिजे. मिळकत थोडी असून ऐट मोठी ठेवणाऱ्याला भगवंतांनी उंबर खाणाऱ्याची उपमा दिली आहे. असा मनुष्य चार फळांसाठी फांदी हलवितो आणि ढीगभर फळे मातीत पाडतो. उलट, मिळकत मोठी असून पोटाला चिमटा घेणाराही त्यांना मान्य नाही, तो अनाथासारखा मरेल असे ते म्हणतात. तेव्हा साधी राहणी म्हणजे कमी खाणे नव्हे. आपली गरज दुसऱ्याच्या डोळ्यांनी न मोजणे, हा तिचा गाभा आहे.

अनाथपिंडिकाला भगवंतांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यांत 'अनणसुख' म्हणजे ऋणमुक्तीचे सुख हे तिसरे आहे. या सुखाचा अर्थ आपल्या जिल्ह्यात पाथर्डीकडच्या ऊसतोड कामगाराइतका कोणाला कळणार? सहकारी साखर कारखानदारीचा पाया १९५० च्या सुमारास प्रवरानगरला घातला गेला आणि त्यातून जिल्ह्याचा बराच भाग संपन्न झाला. पण त्या उसाला कोयता लागतो. पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घ्यावयाची, दसरा-दिवाळीनंतर बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघावयाचे, पती-पत्नीने मिळून 'एक कोयता' म्हणून राबावयाचे आणि उन्हाळ्यात परतताना हिशेबात उचल फिटली नाही, तर ती पुढच्या हंगामावर टाकावयाची. गाडी रात्री दोनला आली तर रात्री दोनला भरावयाची. म्हणजे वतन जाऊनही चोवीस तासांची चाकरी एका नव्या रूपात शिल्लक आहे आणि तिचा दोर उचलीचा आहे. उचल बहुतेक वेळा पोटासाठी, औषधपाण्यासाठी, पाणी नसलेल्या शेतीपायी घेतली जाते. तेथे उपदेश करण्याचा अधिकार कोणालाही नाही. तेथे मजुरीचा दर, हंगामाबाहेरचे काम आणि मुलांच्या शाळा यांसाठी भांडले पाहिजे. परंतु लग्नाच्या मांडवासाठी, वाजंत्र्यांसाठी आणि भाऊबंदांत नाक वर राहावे म्हणून जी उचल घेतली जाते, तिच्याविषयी बोलता येते. एका दिवसाच्या मिरवणुकीसाठी सहा महिन्यांच्या रात्री विकल्या जातात. सरकारी नोकरीतील आपल्या बांधवांची गोष्ट निराळी नाही, तेथे मुकादमाच्या जागी बँकेचा हप्ता असतो एवढेच. सुत्तनिपातातील मेत्तसुत्तात शांतपद इच्छिणाऱ्याच्या गुणांमध्ये 'अप्पकिच्च' आणि 'सल्लहुकवुत्ति' हे दोन गुण आले आहेत. पहिल्याचा अर्थ ज्याची कामे, ज्याचे व्याप थोडे आहेत असा. दुसऱ्याचा अर्थ ज्याची वृत्ती हलकी, ओझेरहित आहे असा. गरजा आणि वेळ यांचा संबंध पालि भाषेने किती नेमका जोडला आहे, हे या शब्दांवरून लक्षात येते. वाढविलेली प्रत्येक गरज आपल्या दिवसाचा एक तुकडा आगाऊ विकून टाकते.

वेळ मिळाला, तर पुढचा प्रश्न त्याचे काय करावयाचे हा. अनाथपिंडिकाचेच उदाहरण पुन्हा घ्यावे लागते, कारण त्याच्याइतका व्यापात गुंतलेला उपासक दुसरा नव्हता. अंगुत्तर निकायाच्या पंचकनिपातात असा प्रसंग आहे, की तो पाचशे उपासकांसह भगवंतांकडे आला. भगवंत त्याला म्हणाले, तुम्ही भिक्खुसंघाला चीवर, अन्न, निवास व औषधे देता, पण तेवढ्यावर समाधान मानू नका. अधूनमधून पविवेकातून येणाऱ्या प्रीतीतही विहार करीत जा. हे सुत्त आपल्या विहार-समित्यांनी वारंवार वाचावे असे मला वाटते. दान, वर्गणी, जयंतीची तयारी आणि मूर्तीची प्रतिष्ठापना यांत आपली उपासकता बहुधा संपते. ती सर्व कामे आवश्यक आहेत. परंतु ज्याने जेतवन दान केले, त्यालाही भगवंतांनी एवढे पुरे असे म्हटले नाही. आणि 'अधूनमधून' हा त्यांतील शब्द पाहण्यासारखा आहे. गृहस्थाकडून अखंड एकांताची अपेक्षाच नाही.

त्या उपासिकेच्या 'कुठं'चे निम्मे उत्तर संयुत्त निकायातील मिगजाल सुत्तात मिळते. एकटा राहणारा कोणास म्हणावे, असे मिगजालाने विचारले. भगवंतांचे उत्तर विलक्षण आहे. जो दूरच्या निर्जन अरण्यात राहतो, पण ज्याच्या मनात तृष्णा आहे, तो एकटा नव्हे, कारण तृष्णा ही त्याची सोबतीण आहे. आणि जो गावात, भिक्खू, उपासक, राजे, अमात्य यांच्या गर्दीत राहूनही तृष्णारहित आहे, तो एकटा राहणारा होय. सात माणसांच्या खोलीतही एकांत शक्य आहे, असा याचा अर्थ होतो. मात्र हे अर्धेच उत्तर आहे. भगवंतांनी हे सांगितले म्हणून भिक्खूंना विहार, गुहा, वृक्षमूल यांची गरज नाही, असे त्यांनी कधी म्हटले नाही. शिकणाऱ्याला शांत जागा लागतेच. तृष्णा हीच खरी सोबतीण आहे, हे सुत्त एका खोलीत राहणाऱ्याला ऐकवून त्याच्या घरकुलाचा प्रश्न टाळणे, हे त्या सुत्ताचा दुरुपयोग करणे होय.

भिंतींनी एकांत मिळतो काय, याचे एक उदाहरण जिल्ह्याच्या ठिकाणी, नगरच्या भुईकोट किल्ल्यात घडले आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसच्या प्रमुख नेत्यांना अटक करून येथे ठेवण्यात आले. नेहरूंनी १९४४ मध्ये 'भारताचा शोध' हा ग्रंथ येथेच लिहिला, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्याच कैद्यांत आचार्य नरेंद्र देव होते, हे बौद्ध वाचकांनाही क्वचित माहीत असते. ते समाजवादी विचारवंत, पालि-संस्कृतचे जाणकार आणि दम्याचे जुने रोगी होते. आचार्य वसुबंधूंच्या 'अभिधर्मकोश' या महाग्रंथाचा लुई द ला वाले पूसँ यांनी केलेला फ्रेंच अनुवाद समोर ठेवून त्याचे हिंदी भाषांतर करण्याचे काम त्यांनी या किल्ल्यात केले. त्यांचा 'बौद्ध धर्म-दर्शन' हा ग्रंथ १९५६ मध्ये, त्यांच्या निधनाच्याच वर्षी प्रसिद्ध झाला आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. सक्तीने लादलेला एकांतही मनाची तयारी असेल तर फळतो, असे यावरून म्हणता येईल. पण मला त्या चित्राची दुसरी बाजू अधिक अस्वस्थ करते. किल्ल्याच्या आतील माणसांजवळ स्वातंत्र्य नव्हते, वेळ होता. त्याच वर्षांत, त्याच किल्ल्याच्या बाहेर पसरलेल्या खेड्यांतील येसकराजवळ दोन्ही नव्हते. चित्तशुद्धीचा शास्त्रग्रंथ ज्या मातीत भाषांतरित होत होता, त्या मातीत चावडीची हाक थांबलेली नव्हती.

येथे आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. शांतीची साधना ही चळवळीपासून पलायन आहे, असे आपल्यातील कार्यकर्ते म्हणतात आणि काही साधक आपल्या वागण्याने ते खरेही करून दाखवितात. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकात भिक्खूविषयी प्रश्न उपस्थित केला, की भिक्खू घडविण्यामागे बुद्धांचा हेतू एक परिपूर्ण माणूस निर्माण करण्याचा होता की एक समाजसेवक? हाच प्रश्न सकाळी डोळे मिटून बसणाऱ्या उपासकालाही विचारता येतो. ज्या शांतीमुळे शेजारच्या वस्तीवरील अन्यायाची हाक ऐकू येईनाशी होते, ती शांती नव्हे, ती गुंगी आहे. उलट, ज्या कार्यकर्त्याला दिवसातून अर्धा तासही स्वतःकडे पाहता येत नाही, त्याचा संताप पुढे आपल्याच माणसांवर निघतो, हेही आपण पुरेसे पाहिले आहे. आपल्या गटबाजीचे एक मूळ तेथे असावे.

प्रत्यक्ष साधनेच्या बाबतीत फार सांगण्यासारखे नाही. इगतपुरी येथे १९७६ पासून दहा दिवसांची विपश्यना शिबिरे होतात, ज्यांना शक्य आहे त्यांनी अवश्य जावे. रोजंदारीवरच्या माणसाला दहा दिवस देणे अवघड असते. त्याच्यासाठी उपोसथाची जुनी प्रथा अधिक सोयीची आहे. पौर्णिमा, अमावास्या व अष्टमी या दिवशी आठ शीले पाळावयाची. दुपारनंतर भोजन नाही, नृत्य-गायन व शृंगार नाही, उंच-मऊ बिछाना नाही. साधी राहणी आयुष्यभरासाठी न घेता एका दिवसापुरती घेऊन पाहणे, असे तिचे स्वरूप आहे. विशाखेला उपोसथ समजावताना भगवंतांनी गुराख्याच्या उपोसथाचा दृष्टान्त दिला आहे. संध्याकाळी गुरे परत करून गुराखी मनात म्हणतो, आज गुरे अमुक ठिकाणी चरली, उद्या अमुक ठिकाणी चरतील. तसा काही लोकांचा उपोसथ असतो. आज हे खाल्ले, उद्या ते खाऊ, या विचारात त्यांचा दिवस जातो. उपवासाच्या दिवशीच साबुदाण्याची अधिक आठवण होणाऱ्या आपल्या मुलखाला हा दृष्टान्त वेगळा समजावून सांगावा लागत नाही. त्या दिवशी अर्धा तास पाठ ताठ ठेवून बसावे, येणारा-जाणारा श्वास जाणावा, मन भरकटले की रागावता परत आणू नये, नुसते परत आणावे. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. दुसरी खोली नसेल तर बंद करावा.

आता उरलेले निम्मे 'कुठं'. जिल्ह्याच्या पश्चिम सीमेला लागून पुणे जिल्ह्यातील जुन्नर आहे. तेथील डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. त्यांतील भिक्खूंच्या खोल्या जाऊन पाहाव्यात. एक माणूस आडवा होईल एवढा दगडी ओटा, एक दार आणि बाहेर पाण्याचे टाके, ज्याला शिलालेखांत 'पोढी' म्हटले आहे. यापेक्षा कमी वस्तूंत राहता येत नाही आणि यापेक्षा अधिकाची जरूर भासत नाही. परंतु मला तेथील शिलालेख अधिक बोलके वाटतात. धान्याचे व्यापारी, बांबूकाम करणारे, काशाची भांडी घडविणारे अशांच्या श्रेणींचा उल्लेख त्यांत येतो. शांत जागा राजांनीच उभारल्या असे नाही. दिवसभर ठोकठोक करणाऱ्या कारागिरांनीही, आपल्या गावाजवळ एक तरी जागा आवाजाविना असावी म्हणून, आपल्या कमाईतला वाटा दिला. आपल्या वस्त्यांवरील विहारही असेच वर्गणीतून उभे राहिले आहेत. मात्र बहुतेक विहारांना वर्षातील तीनशे दिवस कुलूप असते आणि उरलेल्या दिवशी ध्वनिक्षेपक.

ज्या वस्तीवर तो प्रश्न मला विचारला गेला, तेथील समितीपुढे मी नंतर एवढीच विनंती ठेवली, की विहार पहाटे पाच ते सहा उघडा ठेवावा, ध्वनिक्षेपक लावू नये आणि कोणी कोणाला उपदेश करू नये. थोडी कुरकूर झाली. किल्ली कोणाकडे ठेवावी यावर दोन बैठका गेल्या. शेवटी ती त्या उपासिकेकडेच देण्यात आली. पहिल्या आठवड्यात तिघी आल्या, पुढे सात-आठ. दोन पुरुषही येतात, एक जण भिंतीला टेकून झोपतो, त्याला कोणी उठवीत नाही. मागच्या पौर्णिमेला मी गेलो तेव्हा ती दार उघडून पायरीवर बसली होती. मी विचारले, "आई, काय करता आत बसून?" ती म्हणाली, "काय न्हाई. त्या येळात मला कुनी हाक मारीत न्हाई." त्यांतल्या दोघी दिवाळीनंतर कोयत्यावर जाणार आहेत. फडाजवळच्या कोप्यांत हा तास त्यांनी कसा राखावा, याचे उत्तर मला अजून द्यावयाचे आहे.